नंबर यादीतून काढा

हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. भीतीपेक्षा मला लाजच जास्त वाटते. पण घडलं ते जसंच्या तसं लिहितेय, पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

दिवस मंगळवार. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. जागा आमच्याच घरातली बाहेरची खोली.

पण आधीचं सांगायला हवं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, सकाळी दहा ते रात्री आठ. बाबा निवृत्त मीटर रीडर. दिवसभर एकटे. सोबतीला जुना लँडलाइन फोन.

त्यावर यायचे ते सगळे विक्रीचे फोन. गाद्या, विमा, पाण्याचे फिल्टर. दुसऱ्या कुणी दोन शब्दांत कटवलं असतं. बाबा खुर्ची ओढून गप्पा मारत बसायचे.

"गादी चांगलीच असेल हो तुमची. पण दिवसभर बसून तुमची स्वतःची पाठ कशी आहे?"

चार वर्षांत त्यांनी साधी उशी घेतली नाही. तरी ती गादीवाली मुलगी रोज दुपारी फोन करायची.

"बाबा, तुम्ही बोलता म्हणून तुमचा नंबर सगळीकडे फिरतो," मी कुरकुरायचे.

"असू दे गं. मीही जन्मभर उन्हातून फिरून लोकांची बोलणी खाल्लीत. कुणी नीट बोललं की दिवस बरा जातो."

त्यांचा दिवस बरा जायचा. माझी सुट्टी मात्र मातीत जायची.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं. सकाळपासून सातवा फोन. बाबा अंघोळीला गेले होते. मी उचलला.

"आजोबा आहेत का?"

माझं डोकं फिरलं.

"नाहीत. वारले ते. नंबर यादीतून काढा."

फोन आपटला. मागे वळले...

बाबा दारात उभे होते. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "काढते म्हणाली का?"

मी मान खाली घातली. ते आत जाऊन केस पुसत बसले.

दुसऱ्या दिवसापासून फोन थांबले.

गादीचे नाहीत. विम्याचे नाहीत. कुणाचेच नाहीत...

"फोन चालू आहे ना गं?" बाबांनी दोनदा विचारलं. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावून दाखवला. टोन येत होता. त्यांच्याशी नीट बसून बोलायचं, चुकले म्हणायचं, असं रोज मनात यायचं. पण दुकानात गर्दीचे दिवस होते. राहून गेलं.

एकोणिसाव्या दिवशी घरी आले, तर बाबा फोनजवळच्या खुर्चीत. हाक मारली...

ओ आली नाही.

डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेले असावेत. दोनच्या सुमारास.

सगळे म्हणाले, वय झालं होतं. दादा परगावाहून आला, तोही तेच म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. माझ्या जिभेनं एकोणीस दिवस आधीच त्यांना मारलं होतं, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

दोन महिने गेले. तो मंगळवार आला. मला ताप होता, म्हणून घरी होते. दोन वाजून दहा मिनिटं झाली...

आणि फोन वाजला.

"आजोबा आहेत का?" तीच गादीवाली मुलगी.

"ते... ते वारले."

ती शांतपणे म्हणाली, "ताई, मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"नाही गं. या वेळी खरंच. दोन महिने झाले."

"असं कसं? कालच तर बोललो आम्ही."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"नंबर मी काढला होता," ती सांगू लागली. "दीड महिन्यापूर्वी त्यांनीच फोन केला. म्हणाले, लेक रागाच्या भरात बोलली, मनावर घेऊ नका. तेव्हापासून रोज बोलतो आम्ही, तुम्ही दुकानात असता तेव्हा."

"काल... काल काय म्हणाले?"

"तुमची काळजी करत होते. परवा रात्री तुम्ही जेवला नाहीत म्हणे. दिवा न लावता त्यांच्या खुर्चीत येऊन बसलात. त्यांनी उठून तुम्हाला जागा दिली, असं सांगत होते."

परवा रात्री मी तशीच बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं.

"ताई, मी फोन करते हे तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. तुम्हाला त्रास होतो म्हणून. त्यांना बोलू नका काही."

तिनं फोन ठेवला.

मी त्या खुर्चीकडे बघितलं. रिकामी होती... निदान मला तरी कुणी दिसलं नाही.

पुढच्या दिवशी दुकानातून, सव्वादोनला, मी घरचा नंबर लावला.

एंगेज.

दाराला कुलूप. किल्ली माझ्या पर्समध्ये. आणि फोन एंगेज...

रोज लावायचे. रोज तेच. दादा म्हणतो, ती लाइन बंदच करून टाक. माझा हात धजत नाही. एकदा तोडलंय मी त्यांचं बोलणं.

गेल्या गुरुवारी मात्र रिंग गेली.

एक... दोन... तिसऱ्या रिंगला उचलला कुणीतरी.

कुणी बोललं नाही. मीही नाही. माफी मागायची होती, पण तोंडातून शब्द फुटेना. समोर गिऱ्हाईक फ्रेम हातात घेऊन ताटकळत होतं. पलीकडचं माणूसही थांबलं होतं, बराच वेळ. मग रिसीव्हर हळूच खाली ठेवल्याचा आवाज आला.

कुणाचा तरी ब्लँक कॉल आहे, असंच वाटलं असेल त्यांना.

त्यानंतर मी घरी फोन लावलेला नाही.

संध्याकाळी घरी पोचले की किल्ली हातात असते. तरी आधी बेल वाजवते. थोडं थांबते.

मग कुलूप उघडते.