उरलेली हवा

सकाळची भांडी आटोपली आणि ती मागच्या खोलीत जाऊन सासऱ्यांच्या आजारपणातलं ऑक्सिजनचं सिलिंडर पुसायला बसली. काम साधंच होतं. धूळ काढायची, गंज खरवडायचा आणि झडपेला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, एवढं नवऱ्याने बजावलं होतं. मामंजींना जाऊन वर्ष होत आलं तरी त्या लोखंडाला त्यांच्या आजारपणाचा वास होता, मलमाचा आणि बंद खोलीचा. तिने दोनदा साबण लावला. वास जाईना, तेव्हा तिने नाक मुरडलं आणि नाद सोडला.

तिचा नवरा पाणबुड्या. गावाला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या तळाशी एक मोठा पाइप आहे आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी. जाळीत शेवाळ, चिंध्या, प्लास्टिक अडकलं की काठावरचा पंप धापा टाकायला लागतो, मग याला बोलावणं येतं. मामंजींनीही जन्मभर तेच केलं. लोक त्यांना पाणकोंबडा म्हणत, म्हणून मुलाचं नाव ओघानेच बदक पडलं. घराण्याने प्रगती केली ती एवढीच, असं तो स्वतःच हसून सांगायचा.

मागच्या खेपेला खाली असतानाच बदकाची हवा अडली. वर आला तो निळा पडून. काठावर दोर धरून तीच बसली होती, आणि त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.  तलावाच्या कामाचा कंत्राटदार हवेचा दुसरा संच द्यायला तयार नव्हता. बोलावणं तर पुन्हा आलं होतं.

"पाठीवर दुसरी हवा असल्याशिवाय मी दोर धरणार नाही," तिने सांगून टाकलं.

"अगं, आणू कुठून?"

"मामंजींचं पडलंय ना घरात. तेच जोडा की."

म्हणजे ही कल्पना तिचीच. पुढे तिला स्वतःच्या जिभेचा राग येणार होता, पण त्या क्षणी तिला अगदी हायसं वाटलं.

त्याने मोठ्या हौसेने ते जोडलं. भंगारातल्या मोटारीचे सीटबेल्ट कापून पट्टे केले, नवी नळी बसवली. तोंडात धरायचं रबर मात्र कुठलंच नीट बसेना. शेवटी बापाच्या पेटीतलं जुनं रबर बसलं, तेही असं घट्ट की जणू तिथलंच. त्यावर मामंजींच्या दातांचे खोल ठसे होते. पाणबुड्यांची एक रीत आहे. मेलेल्या माणसाचं काहीही वापरावं, त्याचा दोर, त्याची सुरी, अगदी त्याचे बूटसुद्धा. त्याचं तोंडाचं रबर तेवढं वापरू नये. बदकाला ही रीत पाठ होती.

"बापाचेच दात आहेत माझ्या तोंडात," तो म्हणाला आणि त्याने रबर उकळत्या पाण्यात टाकलं. "माझं मला कसलं विटाळतंय?"

सासूबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. "त्यात हवा आहे अजून. ते गेले तेव्हा अर्धं भरलेलं होतं."

"सोडून देतोय, आई. साधी हवा भरून आणायचीय."

"त्यांची आहे ती. विचारून तरी सोड..."

आता कुणाला विचारणार? त्याने किल्ली फिरवली. हवा फुस्स करत बाहेर आली आणि थांबली. संपली म्हणून तो वळला, तर पुन्हा आली. पुन्हा थांबली. झडप खराब असेल, दुरुस्त करतो, असं तो म्हणाला. सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत राहिल्या. मामंजींच्या आजारपणात त्या खाटेशेजारी अशाच बसायच्या.

तिलाही ती खाट आठवली. शेवटी शेवटी मामंजींना भ्रम झाला होता. आपण तळाशी आहोत आणि मुलाची हवा संपलीय, असंच त्यांना वाटायचं. खाली दोघांत एकच हवा उरली तर पाणबुडे ती पाळीने घेतात, दोन श्वास तुझे, दोन माझे. मामंजी दोन श्वास घेत, मास्क काढत आणि मुलापुढे धरत. "घे. तुझी पाळी." त्यांच्या समाधानासाठी तोही दोन श्वास घेई आणि मास्क परत लावी. एका दुपारी असाच मास्क मुलाच्या हातात असताना म्हातारा गेला. बदकाच्या मनाला लागेल म्हणून घरात त्यावर कुणी बोललं नाही.

ते तलावावर पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि पाणी शिळ्या चहासारखं दिसत होतं. पंपवाल्याने पंप बंद केला. तो बंद झाला की तिथे एकदम सुन्न शांतता पसरते. बदक दोन सिलिंडरं घेऊन पायऱ्या उतरला, तिच्याकडे बघून त्याने भुवई उडवली आणि तो पाण्याखाली गेला. दोर तिच्या हातातून सरसर निघाला आणि तळाशी जाऊन स्थिरावला.

काठावरच्या माणसाने बुडबुड्यांवर नजर ठेवायची असते. ते बुडबुडे म्हणजेच खालच्याचा श्वास. रोज रात्री शेजारी ऐकलेला तो श्वास तिला पाण्यावरही ओळखू यायचा, भरभर, थोडा उतावळा. तो तसाच वर येत होता. जाळी खरवडल्याचा आवाज दोरातून हाताला जाणवत होता. तिचे खांदे जरा सैल झाले.

मग खरवडणं थांबलं. पाण्यावर एकदम बुडबुड्यांचा मोठा लोट उसळला, आणि नंतर काहीच नाही. ती उठून उभी राहिली. तेवढ्यात बुडबुडे पुन्हा आले. दोन, भरभर. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर आणखी दोन आले, ते मात्र सावकाश, मध्येच अडखळून.

दोन भरभर. दोन सावकाश.

पंपवाला चहाचा ग्लास घेऊन बाहेर आला होता. तोही पाण्याकडे बघत राहिला. "वहिनी, खाली दोघं उतरलेत का?"

"नाही," ती म्हणाली. 

तिने दोराला हिसका दिला. सगळं ठीक असेल तर खालून एक हिसका येतो. तो आला. लगेच त्याच्यामागून दुसरा आला, हलका.

मग तिने विचार केला नाही. पंपवाल्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून दोर ओढला. एवढ्या वर्षांत तो इतका जड कधी लागला नव्हता. हाताची सालं निघाली. पाण्याच्या अगदी जवळ आल्यावर दोर एकदम हलका झाला, दोघंही मागे कोलमडले, आणि पायरीशी तिच्या नवऱ्याचं डोकं वर आलं. जिवंत. दातांत ते जुनं रबर गच्च धरलेलं. ती तशीच पाण्यात उतरली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली.

ती त्याला घरी घेऊन आली. खाटेवर बसल्यावर तिचा हात धरून तो म्हणाला, "माझी नळी जाळीत अडकून फाटली. मी हे दुसरं तोंडात घेतलं. दोन श्वास घेतले, आणि... कुणीतरी ते हळूच काढून घेतलं."

"अहो, काय बोलताय!"

"मग परत दिलं. माझ्या तोंडाशी आणून धरलं. गढूळ होतं, दिसलं काही नाही. पण पाळी एकदाही चुकली नाही गं."

"मामंजींनीच वाचवलं म्हणायचं तुम्हाला," ती कशीबशी म्हणाली.

त्याने तिचा हात सोडला. "तू ओढलंस तेव्हा रबर माझ्या तोंडात होतं. दोन श्वास घेऊन झाले होते माझे. पाळी त्यांची होती... मी दिलं नाही."

दिवेलागणीला त्याला झोप लागली. ती उशाशी बसून राहिली.  त्याने भरभर दोन श्वास घेतले आणि तो थांबला. तिने घाबरून त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती हलेना. ती हाक मारणार, तोच त्याने पुन्हा दोन श्वास घेतले. पुन्हा थांबला.

तिचा दुसरा हात उशीच्या रिकाम्या बाजूला टेकलेला होता. नवऱ्याची छाती थांबलेली असताना त्या हाताच्या पाठीवर ओलसर ऊब लागली. सावकाश, अडखळत. एकदा. दुसऱ्यांदा. आता याची पाळी, असं म्हणत तिने छातीवरचा हात घट्ट दाबून धरला आणि वाट पाहिली.

छाती हलली नाही. उशीकडच्या हाताला तिसरा श्वास लागला.