कच्ची वडी

मावशीच्या साबणाच्या कारखान्यातून ती जी धावत सुटली, ती थेट वितरकाच्या गोदामाच्या फाटकातून निघालेल्या टेम्पोसमोर जाऊन उभी राहिली. अंगावर अॅप्रन, केसांत साबणाचा भुगा, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो बाई, जिवावर उदार झालात की काय?"

"माझी पेटी! काल आलेली साबणाची पेटी कुठंय?"

"गेली."

"कुठे?"

त्याने हात लांब करून समोरचा अख्खा रस्ता, पूल आणि पलीकडचे डोंगर दाखवले. "तिकडे."

कापलेली साबणाची वडी मांडणीवर महिनाभर वाळू द्यावी लागते. तोवर तिच्यातला कॉस्टिक सोडा जिवंत असतो आणि कातडीला झोंबतो. मावशी तापाने झोपलेली, कामाची घाई... आणि हिने वाळलेली मांडणी सोडून शेजारची कच्ची मांडणी उतरवली होती. वर कागद गुंडाळला होता तो लहान बाळांच्या साबणाचा!

तिने हे सगळं एका दमात सांगितलं. तो हसला नाही. त्याने आधी ठोक व्यापाऱ्याला फोन लावला, मग शेजारच्या सीटवरची खोकी मागे सरकवली.

"पेटी फुटलीय. डझनाडझनाने तीन दुकानांत गेली. बसा."

"तुम्ही कशाला... मी जाईन की."

"कशी? त्या दुकानांना नावं नाहीत. रस्ता मलाच ठाऊक आहे."

ती टेम्पोत चढून बसली. आजवर पेटी टेम्पोत चढली की तिच्या लेखी माल 'गेला'. पुढे काय होतं, याचा तिने कधी विचारच केला नव्हता. आता पुढचं सारं तिच्या डोळ्यांसमोर उलगडायला लागलं. वाटेत ठोक व्यापाऱ्याच्या दालनात छतापर्यंत रचलेला माल — कंदील, काड्यापेट्या, दोर, बिस्किटं. कुठल्या कुठल्या कारखान्यांतून आलेलं सगळं इथे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभं होतं, आणि दुसऱ्या दाराने हातगाड्या, सायकली, पाटीवाले ते थोडंथोडं करून घेऊन निघाले होते.

"एवढे लोक!" ती पुटपुटली. "आमची मावशी म्हणते, मधल्या लोकांमुळेच साबण महाग होतो."

"होतोच. मग डोंगरावर एक वडी पोचवायला मावशी स्वतः येतील का?"

"गुडघे दुखतात तिचे."

"माझेही दुखतात. पण मला कोण विचारतंय?" त्याने असा केविलवाणा चेहरा केला की इतक्या काळजीतही तिला हसू फुटलं.

पहिल्या दुकानात अडचण आली. दुकानदाराने नव्या वड्या जुन्यांत मिसळून टाकल्या होत्या, आणि कागद तर सारखेच. तिने एकेक कागद सोडला, ओलं बोट वडीवर घासलं आणि जिभेच्या टोकाला लावलं. कच्ची वडी जिभेला चटका देते, पक्की देत नाही. मावशीने हेच शिकवलं होतं. दुकानदार आ वासून बघत राहिला.

"सकाळपासून उपाशी आहेत त्या," टेम्पोवाला गंभीरपणे म्हणाला.

"गप्प बसा हो!" ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

दुसऱ्या दुकानापर्यंत जिभेची पार वाट लागली. तो कुठूनतरी थंड पाण्याची बाटली घेऊन आला, बूच काढून तिच्या हातात दिली — आणि तिचं पाणी पिऊन होईपर्यंत उगाचच टायरकडे बघत उभा राहिला. तिला ते फार आवडलं.

तिसरं दुकान नदीकाठी, होडीच्या धक्क्यावर होतं. तिथे एक वडी कमी भरली.

"ती सकाळीच गेली," दुकानदार म्हणाला. "पलीकडच्या तीरावर नवं बाळ आलंय. आजी घेऊन गेली."

दोघं होडीत बसून पलीकडे निघाली. तिच्या एका चुकीने एवढी मोठी साखळी पार केली होती, न चुकता, न हरवता, आणि आता ती एका तान्ह्या अंगाशी जाऊन थांबणार होती. मधेच त्याने तिच्या हातावर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच.

काठावरच्या घराचं दार उघडं होतं. आत टबातून वाफ येत होती आणि आजीच्या पायांवर बाळ पालथं पडलं होतं.

"थांबा! साबण लावू नका!" ती उंबऱ्यातूनच ओरडली.

आजी दचकली. दोघांनी कसंबसं सगळं सांगितलं. मग आजीने सुनेला हाक मारली आणि सुनेने आतून बाळाच्या कपड्यांची घडी आणली. घडीच्या मधोमध वडी होती, कागदही न सोडलेली.

"एवढा छान वास," सून ओशाळून म्हणाली, "म्हटलं, कपड्यांत राहू दे. घासून संपवायला जीव होईना."

तिने वडी हातात घेतली. तिच्या हातून निघालेली वस्तू इतक्या हातांतून, इतक्या लांब येते, आणि इथे कोणीतरी ती जिवापाड जपतं... तिचे डोळे वाहायला लागले. पक्क्या वड्यांची अख्खी पेटी पाठवते, असं तिने सुनेला तीनतीनदा सांगितलं.

परतीच्या होडीत ऊन उतरलं होतं. पाणी संथ झालं होतं.

"तुम्ही रोज हे बघता?" तिने विचारलं.

"रोज. पण आज तुमच्या डोळ्यांनी बघितलं. मला वाटायचं, मी नुसती खोकी उचलतो."

होडी धक्क्याला लागायच्या बेतात आली. आता बोललं नाही तर उद्या पुन्हा पेटी जाणार, पावतीवर सही होणार, आणि झालं.

"ऐक," ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिचं तिलाच कळलं नाही. "मला काहीतरी पोचवायचंय. मधे कोणी नको, म्हणून स्वतःच सांगते... मला तू आवडतोस."

त्याने वल्ह्यांकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि शेवटी, फार हळू, तिच्याकडे.

"मिळालं," तो म्हणाला. "परत घेता येणार नाही."

होडीवाल्याने दोरी धक्क्यावर फेकली आणि दोघांना उतरा म्हणून दोनदा सांगितलं.