धुक्यातली वल्ही

आधी खेकडे संपवा. कवचं त्या बादलीत टाका. आणि इंगविल्ड, तेवढा दरवाजा लोटून घे, समुद्राकडून गार वारा येतोय. मग सांगतो.

सोल्फ्रिडनं हे मला स्वतः सांगितलंय, याच टेबलाशी बसून. ती अजून आहे. खोटं वाटलं तर उद्या तिच्या घरी जा आणि विचारा तिला.

तीन वर्षं झाली. सव्वीस ऑगस्ट, शनिवार. ओड्वार आणि सोल्फ्रिड मांडालहून घरी निघाले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नातीचा बाप्तिस्मा, आणि बाळाला घालायचा घराण्यातला तो लांब पांढरा झगा ओड्वारच्या बहिणीकडे पडलेला. गाडीनं लवकर आणता आला असता. पण उन्हाळा सरत आला होता, आठवड्याभरात होडी हिवाळ्यासाठी काठावर ओढायची होती. दोघं म्हणाले, शेवटची एक फेरी होऊन जाऊ दे.

त्यांची लाकडी होडी तुम्ही पाहिलीय. पुढे दोघांपुरती केबिन, मध्ये जुनं डिझेल इंजिन. त्या इंजिनाचा वैद्य मी. जुलैतच बजावलं होतं, टाकी धुऊन घे बाबा, तळाशी पाणी साठलंय. पण ऐकेल तो ओड्वार कसला.

संध्याकाळपर्यंत समुद्र तेलासारखा शांत. सोल्फ्रिडनं कॉफी केली, पावावर तपकिरी चीज ठेवून दिलं. साडेआठला धुकं आलं. नऊला इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"तेलेफनं सांगितलं होतं," सोल्फ्रिड म्हणाली. म्हणजे मी.

"आता तेलेफचं नाव काढू नकोस."

"का? तो चुकला होता का?"

ओड्वार तासभर खटपट करत राहिला. हात काळे झाले, इंजिन ढिम्म. बचाव नौकेला कळवलं, तर ती दुसऱ्या कुणाकडे गेलेली. दीड तास लागेल म्हणाले. नांगर टाकला, तो तळाला पोचेना. आणि प्रवाह त्यांना 'तीन बहिणीं'कडे नेत होता. ते खडक बंदराच्या तोंडाशीच आहेत, तुम्हाला ठाऊक आहेत. लाट फुटल्याचा आवाज यायला लागला होता. अजून लांबून, पण येत होता.

सोल्फ्रिडनं झग्याची पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि पोटाशी धरून बसली.

तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज आला.

टक्‌... टक्‌... लाकडावर लाकूड घासल्याचा. सावकाश. समोरून.

"अहो!" सोल्फ्रिड ओरडली. "इकडे! आमचं इंजिन गेलंय!"

 धुक्यात एक छोटी होडी दिसली. पंधरा-वीस हातांवर. एकच माणूस, विणलेली टोपी घातलेला. त्यानं होडी वळवली आणि वल्हवायला लागला.

आणि यांची होडी त्याच्यामागे चालायला लागली.

"चालू झालं का रे?" सोल्फ्रिडनं विचारलं.

ओड्वारनं इंजिनावर हात ठेवला. गार. "नाही," तो म्हणाला.

आता बघा. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, तोंड मागे. म्हणजे हा माणूस सगळा वेळ यांच्याकडेच बघत होता. एवढं धुकं, पुढे खडक. आपण असतो तर दर चार हातांनी मान वळवून बघितलं असतं.

त्यानं एकदाही मान वळवली नाही.

"ओड्वार," सोल्फ्रिड हळूच म्हणाली, "कोण आहे रे हा?"

 ओड्वार सुकाणू धरून समोर बघत राहिला.

तेव्हा तिनं नीट पाहिलं. आणि ओळखलं.

हाल्वोर. चाळीस वर्षांपूर्वी अशाच धुक्यात एकटाच होडी घेऊन गेलेला. तो आणि ओड्वार भागीदारीत मासेमारी करायचे. सोल्फ्रिडचं लग्न ठरलं होतं ते त्याच्याशी. होडी सापडली नाही, माणूसही नाही. दोन वर्षांनी तिनं ओड्वारशी लग्न केलं. आता ओड्वार सदुसष्ट वर्षांचा. हाल्वोर मात्र... पंचवीसचाच.

लाटांचा आवाज वाढला. डावीकडून. मग उजवीकडूनही.

हाल्वोर थांबला.

दोन्ही वल्ही त्यानं पाण्याबाहेर काढली. तशीच धरून बसला. यांची होडी हळूहळू आडवी होत खडकांकडे सरकायला लागली. पांढरा फेस दिसत होता.

"वल्हव ना!" सोल्फ्रिड ओरडली. "हाल्वोर, वल्हव!"

तो तिच्याकडे बघत नव्हता. ओड्वारकडे बघत होता.

"कशाची तरी वाट बघतोय तो," ती म्हणाली. "ओड्वार... कशाची?"

"मी ऐकलं होतं," ओड्वार म्हणाला.

"काय?"

"त्या रात्री. तो हाका मारत होता. माझ्या नावानं... तीनदा. माझी होडी घराखालीच बांधलेली होती. मी... मी दिवा मालवला. कुणी विचारलं तर झोपलो होतो म्हणता यावं म्हणून."

"का?"

"भीती वाटली. धुकं होतं... आणि... तू..."

 पुढचं तिनं ओळखलं.

वल्ही पाण्यात पडली.

टक्‌... टक्‌...

किती वेळ गेला, ते तिला आठवत नाही. धक्क्यावरचा हिरवा दिवा दिसला, तेव्हा पुढे कुणी नव्हतं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. होडी आपोआप धक्क्याला टेकली.

सोल्फ्रिडनं त्याला घरी जाऊ दिलं नाही. झग्याची पेटी काखेत, तशीच त्याला घेऊन टेकडी चढली. हाल्वोरची थोरली बहीण बोरघिल्ड, तेव्हा ऐंशीला टेकलेली. तिच्या घरात दिवा होता.

"आता तिला सांग," सोल्फ्रिड म्हणाली.

त्यानं सांगितलं. उंबऱ्यात उभा राहून, टोपी हातात घेऊन. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी या खिडकीत उभी होते. तुझा दिवा विझताना पाहिला मी." मग दारातून बाजूला होत म्हणाली, "आत ये. भिजलायस."

नाही इंगविल्ड, सोल्फ्रिड त्याला सोडून गेली नाही. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याला दोघं एकाच बाकावर बसले होते, मी पाहिलंय. पण त्या वर्षी हिवाळाभर तो रोज सकाळी बोरघिल्डच्या घरी लाकडं फोडायला जायचा. ती जाईपर्यंत जात होता. आणि समुद्रावर पुन्हा गेला नाही.

सोमवारी ती होडी वर ओढायला त्यानं मला बोलावलं. शनिवारी रात्रीपासून पावसाची धार लागली होती. मी रबरी बूट घालून धक्क्याखाली उतरलो. होडीच्या पुढच्या टोकाला, बाहेरच्या अंगानं, पाण्यालगत एक लोखंडी कडी आहे. होडीत उभं राहून तिथे हात पोचत नाही. दुसऱ्या, बुटक्या होडीत बसलेल्यालाच पोचेल.

त्या कडीला दोर बांधलेला होता. पंधरा-वीस हात लांब. नायलॉनचा नव्हे, सणाचा, हातानं वळलेला, आमच्या तरुणपणी असायचा तसा. दुसरं टोक पाण्यात लोंबत होतं.

मी हात लावला. कडी ओली. लाकूड ओलं. माझ्या बाह्यांतून पाणी गळत होतं.

दोर कोरडा होता.