मुकादमाला वाक्य नाही

खाप्याला जायचं काम तसं अर्ध्या दिवसाचं होतं. एका कागदावर सही घ्यायची आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं. मे महिना, म्हणून सकाळची बस धरली, डोक्याला ओला रुमाल बांधला, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकला. एकाहत्तर वर्षांच्या बाईने या दिवसांत हिंडू नये हे मला कळतं. पण ती सही आणायला दुसऱ्या कुणाला पाठवायची माझी हिंमत नव्हती.

नीट सांगते. मी नागपूरला धरमपेठेत राहते. मराठी शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली. सत्त्याण्णव साली मी विदर्भातल्या नाटकांचा एक संग्रह काढला होता. तीन काळांतली तीन नाटकं. एक स्वातंत्र्याआधीचं संगीत नाटक, एक साठ-बासष्टचं, दिवाणखान्यात घडणारं, आणि तिसरं तेव्हा अगदी ताजं, ‘मुकादमाची शिट्टी’. ते नत्थू गजभियेचं. हा माणूस खाप्याजवळच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होता आणि दर चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत मांडव घालून आपलं नाटक करायचा. पहिली दोन नाटकं आधीच छापलेली होती. नत्थूचं फक्त एका वहीत होतं. ती वही त्याने स्वतः माझ्या घरी आणून दिली. पायरीखाली चपला काढल्या, वही दोन्ही हातांनी दिली आणि आत न येताच गेला. मीही ‘या’ म्हटलं नाही.

यंदा त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघायची होती. इतवारीतले आमचे प्रकाशक बाबाराव म्हणाले, वारसांची संमती लागेल. नत्थूला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. त्याची बायको इंदूबाई खाप्यातच होती.

घर लगेच सापडलं. दोन खोल्या, पुढे कडुनिंब. इंदूबाई दारातच बसल्या होत्या, जणू मी येणार हे ठरलेलंच होतं. सून पायल आतून पाणी घेऊन आली. कागद काय आहे ते मी समजावून सांगितलं आणि इंदूबाईंनी अर्धंच ऐकून सही केली. अकरा वाजले होते. मी उठायला लागले तर पायल म्हणाली, आता बस बारा-साडेबाराशिवाय नाही, आणि त्या उन्हात आम्ही तुम्हाला सोडणार नाही. दोघी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीला पाणी मारलेलं पोतं टांगलेलं होतं, त्यामुळे भर दिवसा खोलीत अंधार. ओल्या तागाचा वास. तेवढ्यात लाइट गेली आणि पंखा थांबला.

त्या अंधारात इंदूबाई बोलायला लागल्या. नत्थूच्या आठवणी, साध्याच. मग त्याच सुरात म्हणाल्या, “त्या दिवशी ते तुमच्याकडूनच आले, मॅडम. तुमी भेटल्या नाही म्हने. पानी पेले, आडवे झाले. रातच्यालेच गेले.”

डॉक्टरांनी ऊन लागलं असं सांगितलं होतं म्हणे.

मला एवढंच माहीत होतं की तो त्या उन्हाळ्यात गेला. तारीख मी कधी विचारली नव्हती. आता माझ्या लक्षात येतं, मी ती मुद्दामच विचारली नव्हती.

कारण त्या दिवशी मी घरीच होते. अठ्ठ्याण्णवच्या मेमधली दुपार, एक वाजला असेल. मी वाळ्याच्या ताटीआड पडून पुस्तक वाचत होते, कूलर घरघरत होता. फाटकाची कडी वाजली. ताटीच्या फटीतून पाहिलं तर नत्थू. हातात माझा संग्रह. तो का आलाय ते मला पाहताक्षणी कळलं. मी त्याचं नाटक बदललं होतं. ही भाषा पुस्तकात चालत नाही असं मीच ठरवलं आणि त्याच्या खाणीतल्या बायकांच्या तोंडी माझी भाषा घातली. शेवटही बदलला. त्याला विचारलं नाही. आणि प्रुफं तपासून झाल्यावर त्याची वही वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत गेली. कुणी चुकून टाकली नाही. मीच गठ्ठा बांधला होता.

“मॅडम, घरी हाये का?” त्याने तीनदा हाक मारली. आवाज चढवला नाही. गुलमोहराची सावली फाटकाच्या आत पडत होती, तो बाहेर उभा होता. मी श्वास रोखून पडून राहिले. पंधरा मिनिटं तरी. मग तो गेला.

हे मी इंदूबाईंना तेव्हा सांगितलं नाही. पायलने आणलेलं पन्हं पीत राहिले.

मग त्यांनी एक मागणं केलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पायलने पुस्तकातून नाटक दोन-तीनदा वाचून दाखवलं होतं, पण ते त्यांना नवऱ्याचं वाटत नव्हतं. पायलला वाचता येत नसेल नीट, असं त्यांनी धरलं होतं. “त्यायची वही तुमी वाचली. तुमी वाचान तं बराबर येईन.”

नाही कसं म्हणणार? पायलने मोबाइलची बॅटरी लावून पानावर धरली आणि मी सुरू केलं. पहिला अंक मी माझ्याच भाषेत वाचला. इंदूबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. चेहऱ्यावर काहीच नाही. प्रत्येक वाक्यागणिक माझी मान खाली जात होती. इतकी कोरडी, इतकी धुतलेली वाक्यं... बाहेर एक माणूस नाही, एक पाखरू नाही. पोत्यातून पाणी ठिबकत होतं तेवढंच.

दुसऱ्या अंकात भागरता नावाची बाई मुकादमाला जाब विचारते. खाणीत दरड कोसळली, तिचा नवरा आत राहिला, आणि माणसांना वर बोलावणारी शिट्टी मुकादमाने वाजवलीच नाही. पुस्तकात मी तिचं वाक्य असं केलं होतं: ‘मुकादम, आपण वेळेवर शिट्टी का वाजवली नाही?’

मी ‘मुकादम’ म्हणाले आणि पोत्याच्या पलीकडून कुणीतरी पुढचे शब्द सांगितले.

कॉलेजात मी नाटकांतून कामं केली आहेत. विंगेतला प्रॉम्प्टर कसा सांगतो ते मला माहीत आहे. तो भाव आणत नाही, आवाज चढवत नाही. नुसते शब्द पुढे सरकवतो, नटाच्या अर्धं वाक्य आधी. तसंच होतं ते. हलक्या, घाईच्या, कोरड पडलेल्या आवाजात. आणि सवयीने म्हणा, भीतीने म्हणा, मी ते शब्द उचलले.

“काहून गा मुकादम... शिट्टी तुह्या गळ्यात होती, मंग दम कोनाच्या गळ्यात अडकला होता?”

पायलने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इंदूबाईंनी डोळे उघडले.

“हां,” त्या हळूच म्हणाल्या. “हे.”

मी थांबायला हवं होतं. पण तो थांबत नव्हता. एक वाक्य संपायच्या आत पुढचं तयार. मी बोलत गेले. पुस्तक मांडीवर मिटलं, पायलने बॅटरी विझवली, अंधारात मी ते सगळं बोलत गेले, जे मी एकदाच वाचलं होतं, लाल पेनाने खोडलं होतं आणि रद्दीत दिलं होतं. इंदूबाई मध्येच हसत होत्या, एका जागी त्यांनी पदर डोळ्यांना लावला. खिडकीच्या बाजूने आता ओल्या तागाचा वास येत नव्हता. तापलेल्या मातीचा येत होता, आणि घामाचा. त्या खिडकीबाहेर सावली नव्हती, मी येताना पाहिलं होतं. त्या उन्हात तिथे कोण उभं राहील?

तिसरा अंक आला. माझ्या पुस्तकात मुकादम शेवटी घराबाहेर येतो आणि भागरताची क्षमा मागतो. मंचावर बरं दिसेल म्हणून मी तसं केलं होतं. वहीत काय होतं ते मी विसरले होते. खरंच विसरले होते.

बाहेरून शब्द आले. मी म्हणाले, “मुकादम, घरात हायेस ना?”

पुढचं वाक्य आलं नाही.

मी थांबले. पुन्हा तेच सांगितलं गेलं. मी पुन्हा म्हणाले. मग तिसऱ्यांदा. आणि मग नुसता श्वास... पोत्याच्या अगदी जवळ, इतका की ओलं पोतं आत-बाहेर हलत होतं. वारा नव्हता. तेव्हा मला आठवलं. भागरता दारासमोर उभी राहते, दार उघडत नाही, आणि पडदा पडतो. मुकादमाला वाक्यच नाही.

 मी बोलले ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

“मी घरात होते, इंदूबाई. त्या दिवशी... मी घरातच होते. मी दार उघडलं नाही.”

 पोतं हलायचं थांबलं.

मग इंदूबाई बोलल्या. रागाने नाही. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“माहीत होतं त्यायले. रातच्याले म्हने, कूलर चालू होता, इंदू. मॅडम झोपल्या असतीन.”

मी उठले आणि पोतं बाजूला केलं. बाहेर पांढरं ऊन. भिंतीखाली ठिबकलेल्या पाण्याने चिखल झाला होता आणि त्यावर कशाचाही ठसा नव्हता. मागे वळले तर इंदूबाई पायलला म्हणत होत्या, मॅडमसाठी पोळी टाक. मी तिथे जेवले. नाही म्हणायचा हक्क मला उरला नव्हता.

त्यानंतर महिनाभर मी दर रविवारी खाप्याला गेले. पायल वहीत लिहून घ्यायची, इंदूबाई ऐकायच्या, मी त्या खिडकीशी बसून सांगायचे. मला तो प्रत्येक वेळी शब्द पुरवत राहिला, पहिल्या पडद्यापासून शेवटच्यापर्यंत. नाटक नत्थूच्या भाषेत छापायला गेलं. प्रस्तावनेत मी सगळं लिहिलं, रद्दीचं, कूलरचं. बाबाराव म्हणाले, या वयात हे कशाला, तेवढा परिच्छेद गाळू. मी गाळू दिला नाही. इंदूबाईंना ती प्रस्तावना पायलने वाचून दाखवली. 

इथे संपायला हवं होतं. नाटक पूर्ण झालं, आता त्याला सांगायला काय उरलं?

पण तो माझ्याबरोबर नागपूरला आला आहे. भाजीवाली फाटकाशी हाक मारते आणि मी काय म्हणणार ते मला अर्धं वाक्य आधी ऐकू येतं. ‘आज मेथी नको.’ मी तेच म्हणते. दुसरं काही म्हणून पाहिलं, जमलं नाही. भाची मयुरा आली होती, तिच्याशी तासभर गप्पा मारल्या. त्यातला एकही शब्द माझा नव्हता. सगळे डाव्या कानामागून आले होते, त्याच कोरड्या आवाजात. तिच्या काहीच लक्षात आलं नाही. म्हणाली, मावशी, तू हल्ली किती शांत बोलतेस.

आज दुपारी पायलचा फोन आला. पुस्तकाचं प्रकाशन खाप्यातच ठेवलं आहे, येत्या रविवारी. तुम्ही येणार ना, असं तिने विचारलं.

मी वाक्याची वाट पाहिली. कानामागे पान उलटल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. मग वही मिटल्याचा. माझ्यासाठी वाक्यच नव्हतं.

पायल तिकडून “मॅडम? मॅडम?” करत राहिली.