कुलूप क्रमांक एकेचाळीस

चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. त्या गुरुवारी प्रभाकर दापोडीच्या घरी, गॅलरीत पेपर पसरून हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. आत इंदुताई कणीक मळत होत्या. मृदुलाला ऑफिसला उशीर झाला होता आणि तिच्या ऑफिसातल्या लॉकरचं कुलूप सापडत नव्हतं.

"बाबा, आजच्या दिवस तुमचं कुलूप देता?"

खुंटीवर त्यांचा कंपनीचा पट्टा होता. पट्ट्याला लाल कुलूप, त्यावर कोरलेला ४१ आकडा. प्रभाकर महाळुंग्याच्या कारखान्यात पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस दुरुस्त करत. प्रेसच्या पोटात शिरण्याआधी वीज तोडायची, कुणी ती पुन्हा जोडू नये म्हणून स्विचला स्वतःचं कुलूप ठोकायचं, वर नाव आणि वेळ लिहिलेलं लाल कार्ड अडकवायचं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मालक आला तरी हात लावायचा नाही. तेवीस वर्षांत त्यांनी हा नेम मोडला नव्हता.

"घे मिदू. संध्याकाळी मात्र आठवणीने परत आण."

"एवढा जीव माझ्यावर पण नाही तुमचा."

"तू असतेस का त्यांच्या उशाशी?" इंदुताई आतून म्हणाल्या. "ते असतं."

मृदुला हसत जिना उतरली.

अकरा वाजता कंपनीतून बोलावणं आलं: मोठी प्रेस अडकली आहे, ओव्हरटाइमला या. एक वाजून वीस मिनिटांनी मृदुलाचा फोन वाजला. ती मीटिंगमध्ये होती. पडद्यावर 'बाबा' दिसलं आणि तिने फोन कापला. तिकडे प्रभाकर आत असताना कुणीतरी वीज जोडली.

संध्याकाळी कुलूप परत घ्यायला ते घरी आले नाहीत.

कंपनीने कागद तयार केला. कामगाराने निष्काळजीपणाने स्वतःचं कुलूप न लावता यंत्रात प्रवेश केला, असं त्यात होतं. खाली घरच्यांची सही हवी होती. मृदुलाने तो दोनदा परत पाठवला. "माझे वडील निष्काळजी नव्हते," एवढंच ती प्रत्येक वेळी म्हणाली. कुलूप कुठे होतं, हे ती कुणालाच म्हणाली नाही. इंदुताईंनी सगळं घर धुंडाळलं, माळादेखील उपसला. कुलूप मृदुलाच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं.

चौदाव्या दिवशी ती पिंपरीच्या ऑफिसात परतली.

तिचं काम दूरच्या, भाड्याच्या संगणकांवर सर्व्हर उभे करण्याचं. त्या खोलीत यंत्र असं एकही नव्हतं. ती चार ओळींची मागणी पाठवी: सर्व्हरचं नाव, कोणत्या शहरात हवा, केवढा, आत कोणती प्रणाली. दुरून उत्तर येई. आधी एक क्रमांक आणि 'तयार होत आहे', मग मिनिटभराने 'चालू'. असे हजारभर तरी तिने उभे केले असतील.

त्या दिवशीच्या उत्तरात तीन ओळी जास्त होत्या.

कुलूप: ४१.
वेळ: १३:२०.
कुलूप कोणाकडे: 

तिसऱ्या ओळीपुढे काही नव्हतं.

"हे तू टाकलंस?" तिने शेजारी बसणाऱ्या मैत्री या सहकारिणीला विचारलं.

"मी? देवनागरीत? मला जोडाक्षरं टाईप करता येत नाहीत गं." मैत्रीने खुर्ची जवळ ओढली. "जुन्या साच्यातून आलं असेल. उडव आणि नवीन घे."

मृदुलाने सर्व्हर काढून टाकण्याची मागणी पाठवली. उत्तर आलं: कुलूपबंद आहे, काढता येणार नाही. तिने कुलूप उघडण्याची मागणी पाठवली. उत्तर आलं: ज्याने लावलं त्यानेच काढावं.

मैत्रीने खुर्ची मागे नेली.

मृदुला हार मानणारी नव्हती. तिने दुसरा सर्व्हर उभा केला, तिसरा दुसऱ्या देशात, चौथा स्वतःच्या खात्यातून, घरच्या लॅपटॉपवरून. प्रत्येकात त्याच तीन ओळी. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला तिने लिहिलं. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे अशा ओळी दिसतच नाहीत.

सातवा झाल्यावर तिने त्यांच्यावरचा कामाचा भार दाखवणारे आलेख उघडले. सातही सर्व्हर रिकामे होते, त्यांत एक फाईलही नव्हती. तरी दररोज एक वाजून वीस मिनिटांनी सातही रेषा एकदम वर उसळत. सात मिनिटं तशाच थरथरत राहत. एक सत्तावीसला सपाट.

दुसऱ्या दिवशी एक वीसला ती मुद्दाम आलेखासमोर बसली. रेषा उसळल्या. तिला ग्रीसचा वास आला. बाबांच्या डब्याच्या पिशवीला यायचा, तोच.

"काय हवंय?" ती पडद्याला म्हणाली. "मी सही केलेली नाही. करणारही नाही."

रिकामी ओळ रिकामीच राहिली.

त्या रविवारी पाळी संपवून ज्योतीराम घरी आला. वडिलांबरोबर बारा वर्षं काम केलेला माणूस, मूळचा महाळुंग्याचाच. इंदुताई चहा टाकायला आत गेल्या तसा तो हळू आवाजात बोलू लागला.

"ताई, प्रभाकरराव आमच्या खात्याच्या साहेबांना म्हणले व्हते, कुलूप न्हाई, मी आत जानार न्हाई. पोरीला इचारतो म्हणून फोन लावला. तो लागला न्हाई. साहेब म्हणले, दोन मिन्टांचं काम हाय, जावा."

"किती वाजता गेले आत?"

"एक वीसला. सत्तावीसला..." त्याने आत, इंदुताईंकडे नजर टाकली. "मी सांगाया तयार हाय. पर एकट्याचं कोन ऐकतंय? म्हणत्यात, कुलूप न्हवतं तर कुठं व्हतं? तूच रचून सांगतो."

इंदुताई कप घेऊन बाहेर आल्या. मृदुलाने कप घेतला. चहावर साय धरली तरी तो तिच्या हातात तसाच होता.

मंगळवारी कंपनीने दोघींना बोलावलं. महाळुंग्याच्या ऑफिसात काचेपलीकडे ती प्रेस दिसत होती, बंद, वर ताडपत्री. ज्योतीराम दाराशी उभा होता. साहेबांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं.

"मॅडम, आम्हालाही वाईट वाटतं. पण कुलूप लावलेलं नव्हतं, हे तर खरं ना? ते त्यांनी कुठेतरी हरवलं."

इंदुताईंनी मान खाली घातली. "फार जपायचे हो," त्या पुटपुटल्या.

भिंतीवरच्या घड्याळात एक वीस झाले होते.

मृदुलाचा टेबलावरचा फोन थरथरला. नवीन सर्व्हर तयार झाला होता.

आठवा.

तो तिने मागितला नव्हता.

कुलूप: ४१.
वेळ: १३:२०.
कुलूप कोणाकडे: मिदू.

त्या नावाने तिला हाक मारणारा जगात एकच माणूस होता.

ताडपत्रीखाली काहीतरी हललं. धातूवर धातू टेकल्यासारखा बारीक आवाज झाला. ज्योतीरामने वळून काचेकडे पाहिलं. साहेबांनी पाहिलं नाही.

मृदुलाने पर्स उघडली, लाल कुलूप काढलं आणि त्या कागदावर ठेवलं. कुलूप गरम होतं.

"आई, बाबांनी हे हरवलं नव्हतं. ते माझ्याकडे होतं. यासाठीच त्यांनी मला फोन केला आणि मी तो कापला." तिने कागद कुलपासकट साहेबांकडे सरकवला. "साहेब, माझं सांगून झालं. कुलूप नाही म्हटल्यावर त्यांना आत कुणी पाठवलं, ते आता तुम्ही सांगा."