एक प्रश्न खरा

“माझा भाऊ जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते,” समोरची बाई म्हणाली. “आणि आता त्यालाच खुनी म्हणून आत टाकलाय.”

बाई बस कंडक्टर होती. पाळी संपवून तशीच आली होती, अंगात गणवेश आणि गळ्यात तिकिटांचं यंत्र. भाऊजींनी पुढे केलेल्या चहाला तिने हातही लावला नाही.

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. नवरा गेल्यावर त्याचं ऑफिस बंद न करता त्यांनी स्वतः चालवलं, आणि त्याच्यापेक्षा बरं चालवलं. ही गोष्ट त्यांचे दीर, म्हणजे आपले भाऊजी, येईल त्याला सांगत. आता येणारे जाणारेही त्यांना वहिनीच म्हणत. भाऊजी विमा कंपनीतून निवृत्त झालेले. फायली लावणं, वहिनींबरोबर हिंडणं आणि ठामपणे चुकीचे तर्क करणं ही तीन खाती त्यांच्याकडे होती.

बाईने सांगितलं ते असं. शहराबाहेरच्या रसायनांच्या कारखान्यात त्या दिवशी दुर्घटनेचा सराव होता. टाकी फुटली असं समजायचं, आणि मग धावपळ कशी करायची, पत्रकारांना काय सांगायचं, हे कंपनीच्या माणसांना शिकवायचं. शिकवणाऱ्या संस्थेच्या मालकाला सगळे मास्तर म्हणत. एकेकाळचा टीव्हीवरचा बातमीदार, भल्याभल्यांना कॅमेऱ्यासमोर घाम फोडणारा. बाईचा भाऊ नट. अशा सरावात खोटं रक्त माखून जखमी व्हायचं आणि ओरडायचं, यावर त्याचं पोट.

सराव सुरू होण्याआधी तो हसला म्हणून मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. मग जवळ ओढून त्याच्या कानात सांगितलं की, पुढच्या फाटकाशी दुसरा पडेल, तू मागच्या जिन्याखाली जाऊन पड. तो गेला, तर तिथे मास्तरच पडलेले. कवटी फुटून आतलं दिसत होतं, एक डोळा रक्ताने भरला होता आणि घशात घरघर चालू होती.

“त्याला वाटलं, मास्तरांनीच मेकअप केलाय. काय भारी जमलंय म्हणत त्याने डोकं उचललं, तर हाताला गरम लागलं. मग ओरडत सुटला. खरं आहे, खरं आहे, कुणीतरी या म्हणून. पण ओरडणं तर त्याचं कामच होतं ना, वहिनी. कोण येणार?”

मास्तर त्याच्या मांडीवर गेले. शर्टावर मास्तरांचं रक्त, सकाळची थोबाडीत सगळ्यांनी पाहिलेली. इन्स्पेक्टरला आणखी काय हवं होतं?

“आई-बाप गेल्यावर मी वाढवलाय त्याला,” ती म्हणाली. “तो आत गेला, तर माझं उरतं काय?”

वहिनींनी पर्स उचलली. भाऊजींनी चप्पल शोधली.

मागचा जिना लोखंडी होता आणि त्याच्या पायथ्याशी संकटकाळी बाहेर पडायचं दार. फरशी दोनदा धुतली होती, तरी सांध्यांतून काळपट डाग डोकावत होते. इन्स्पेक्टर वहिनींना ओळखून होता. घाव तीन, त्याने सांगितलं. मास्तर बेशुद्ध पडल्यावरही मारणारा थांबला नव्हता. गालावर लांबट वळांची एक रांग उमटली होती, ती जिन्याच्या पायरीची असावी. हत्यार सापडलेलं नाही.

भाऊजी खाली वाकून पायऱ्या बघत होते. पायऱ्या सपाट होत्या. वहिनी मात्र दारापाशी उभ्या होत्या. दाराच्या दोन्ही फळ्यांवरच्या गोल कड्यांवर गंज चढलेला, फक्त कड्यांची आतली बाजू घासून लखलखीत झालेली.

“कडी झिजलीय,” भाऊजी म्हणाले. “दार जुनं असणार.”

“दार उघडताना आपण कडी आतून घासतो का, भाऊजी?” वहिनींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चालू लागल्या.

मास्तरांच्या भागीदार बाईला सगळे हेडबाई म्हणत. मास्तर आहेत तर हेडबाई हवीच, इतका साधा हिशोब. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण काम विचारल्यावर ती ताठ बसली. सरावाच्या दिवशी ती नियंत्रण खोलीत होती. वॉकीटॉकीवरचा प्रत्येक निरोप तिच्याकडे रेकॉर्ड व्हायचा. दुसऱ्या दिवशी तो ऐकवून चुका दाखवायच्या, हीच त्यांची शिकवायची पद्धत होती.

“पहिला नियम काय, तर खोट्या गोष्टीआधी ‘सराव’ म्हणायचं. सराव, टाकी फुटली. सराव, दोन जखमी. नाहीतर कुणीतरी घाबरून खरा बंब बोलवायचा. आणि खऱ्या गोष्टीला तो शब्द चुकूनही लावायचा नाही. जो विसरेल त्याचा एक गुण कापते मी.”

कंपनीच्या प्रवक्त्याच्या माणसांचे गुण भाराभर कापले गेले होते. कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा फक्त एक. तो शिस्तीचा माणूस, ती म्हणाली. हा नियम रोजच्या कामात त्यानेच आधीपासून लावला होता. सराव संपल्यावर पोलिसांच्या गडबडीत सगळं सामानही त्यानेच गोळा केलं. रबरी तुटके हात, थर्माकोलच्या तुळया, खोट्या रक्ताचे डबे, सगळी पेटी त्याच्याच खोलीत होती. पोलिसांनी तीत हात घातला, तो बरबटला, म्हणून काढून घेतला.

“अजून ओलं?” भाऊजींना शिसारी आली.

“आमचं रक्त वाळत नाही लवकर. आणि महिनाभर ठेवा, लालच राहतं,” हेडबाई म्हणाली. त्या अवस्थेतही तिच्या बोलण्यात कारागिराचा अभिमान होता. मग तिला आठवलं की आदल्या दिवशी नटांच्या जागा ठरवायला मास्तर एकटेच कारखानाभर हिंडले होते. सरावाच्या सकाळी चहा पिताना ते म्हणाले होते, ‘आज सगळे प्रश्न खोटे आणि एक खरा.’ कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

कंपनीचा प्रवक्ता गुळगुळीत दाढीचा. काहीही विचारा, तो आधी दुःख व्यक्त करी, मग सहकार्याची ग्वाही देई. भाऊजींना वाटलं, याला भूक लागली तरी हा निवेदनच काढील. पण वहिनींनी सरावाच्या आदल्या दिवशी झालेल्या पत्रकार परिषदेच्या तालमीचा विषय काढताच त्याचे कान लाल झाले. गेल्या वर्षी त्या मागच्या बाजूला वायू पसरून एक कामगार गुदमरून मेला होता. मास्तरांनी कॅमेरा लावून तेच पुन्हा पुन्हा विचारलं.

“मी म्हणालो, बाहेर पडायची सगळी दारं उघडी होती. ते म्हणाले, पुन्हा म्हणा. दहादा म्हणायला लावलं. शेवटी मला रडू फुटलं. बायकोसमोर नाही रडलो कधी.”

“दारं उघडी होती, हे तुम्ही पाहिलं होतं?”

“मी ऑफिसात असतो. सुरक्षा विभागाने सांगितलं ते मी सांगितलं.”

बाहेर पडल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, हाच तो. अपमान झालेला माणूस काय वाटेल ते करतो. वहिनी म्हणाल्या, कराल तुम्ही तर्क, पण हा माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेऱ्यासमोर होता.

सुरक्षा अधिकारी उंच, रुंद खांद्यांचा, टेबलावर एक कागद वाकडा नाही. पेटी कोपऱ्यात होती. त्याने मोजकं सांगितलं. जिन्याखाली कुणीतरी पडलेलं त्याला दुरून दिसलं. अंगावर रक्त, म्हणजे यांचाच नट, असं त्याला वाटलं. खऱ्या अपघातात करतो तेच केलं आणि ती बाजू बंद केली. तेच मास्तर असतील हे कसं कळणार?

“मागचं दार त्या दिवशी उघडं होतं?” वहिनींनी विचारलं.

“ते नेहमीच उघडं असतं.”

संध्याकाळी दोघं हेडबाईसोबत रेकॉर्डिंग ऐकत बसली. सुरक्षा अधिकाऱ्याचा आवाज अगदी शांत होता.

“सराव. टाकी फुटली. सराव. पुढच्या फाटकाशी एक जखमी.” मध्येच, “कॅन्टीनसमोर तेल सांडलंय, पुसून घ्या.” मग स्ट्रेचरवाल्यांचा आवाज, “सराव. आम्ही मागच्या जिन्याकडे निघालोय.” त्यावर अधिकारी, “मागच्या जिन्याकडे येऊ नका. माणूस पडलाय. ती बाजू मी बंद केलीय.” पुढे पुन्हा, “सराव. पुढच्या फाटकाचा जखमी हलवला.”

नंतर हेडबाईने सरावातल्या पत्रकार परिषदेची फिल्म लावली. प्रवक्ता बोलतोय आणि त्याच्या मागून, लांबून आवाज येतोय, “खरं आहे! अहो, खरं आहे!” प्रवक्ता क्षणभर थांबला, डोळे मिटले आणि म्हणाला, आमच्या जखमी सहकाऱ्यांच्या वेदना आम्हाला इथपर्यंत ऐकू येत आहेत. समोरच्या खोट्या पत्रकारांनी टाळ्या वाजवल्या. मागे तो आवाज चिरकत गेला आणि बसला. भाऊजी उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना शिकवणीच्या खोलीत बोलावलं. प्रखर दिवे, पडदा, कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी. इन्स्पेक्टर मागे दाराशी उभा होता. कंडक्टर बाई कोपऱ्यात, कामावर जायच्या तयारीत. पेटी वहिनींनी मधल्या टेबलावर आणून ठेवायला लावली होती.

“मास्तर शिकवायचे तसंच करू,” वहिनी म्हणाल्या. “माणसाला त्याचाच आवाज ऐकवू.”

त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्याचे निरोप पुन्हा लावले. मग म्हणाल्या, “साहेब, तुम्ही टाकी फुटल्याचं सांगितलं तेव्हा ‘सराव’ म्हणालात. फाटकाचा जखमी, तेव्हाही ‘सराव’. तेल खरंच सांडलं होतं, तेव्हा म्हणाला नाहीत. बरोबर केलंत. इतकी वर्षं जिभेला वळण लावलंय. मग जिन्याखाली माणूस पडलाय, हे सांगताना तो शब्द का नाही आला? तुम्हाला तर तो नट वाटला होता.”

“विसरलो.”

“त्याच्या आधी विसरला नाहीत, नंतरही नाही. हेडबाईंनी त्या दिवसभरात तुमचा एकच गुण कापला तो इथे. तुमची जीभ खोटं बोलली नाही, साहेब. तो माणूस खरोखर पडलाय, हे त्या क्षणी कारखान्यात एकाच माणसाला माहीत होतं. ज्याने पाडला त्याला.”

मग त्यांनी मागच्या दाराचं सांगितलं. दारावर कायम साखळी असे, म्हणून कड्या आतून घासल्या होत्या. चोऱ्या होतात म्हणून अधिकाऱ्याने ती लावली होती. गेल्या वर्षीचा तो कामगार बंद दारावर मुठी आपटत मेला, आणि अहवालात दार उघडं लिहिलं गेलं. हिंडताना मास्तरांनी ती साखळी पाहिली. तोच त्यांचा खरा प्रश्न. भर परिषदेत, कॅमेऱ्यासमोर ते तो विचारणार होते, आणि सगळ्यांनी त्या दारापाशी यावं म्हणून तर त्यांनी नटाला तिथे पडायला सांगितलं होतं. पण पन्नाशी उलटलेला जुना बातमीदार, समोरच्याला आधी एकदा विचारल्याशिवाय राहवेना. त्यांनी अधिकाऱ्याला जिन्याखाली गाठलं.

“साखळी लपवायला म्हणून तुम्ही कुलूप काढलंत,” वहिनी म्हणाल्या, “साखळी हातात आली, आणि तीच त्यांच्या डोक्यात घातलीत. तीनदा. गालावरचे वळ साखळीच्या कड्यांचे आहेत, पायरीचे नाहीत. पायऱ्या सपाट आहेत, भाऊजींनी बघितल्यात. मास्तरांनी नटाला तिथे पाठवलंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तो ओरडत होता तेव्हा मास्तर जिवंत होते. स्ट्रेचर वळणावर होतं. ते तुम्ही परत पाठवलंत.”

“पुरावा?”

वहिनींनी पेटी उघडली. रबरी हात, डबे, सगळं लालभडक, काल लावल्यासारखं. तळातून त्यांनी रुमालाने एक साखळी वर काढली. ती लाल नव्हती. तिच्यावरच्या रक्ताने काळं पडून खपली धरली होती.

“खोट्याच्या ढिगात खरं लपतं, असं वाटलं तुम्हाला. खरं रक्त काळं पडतं हो.”

पुढचं भाऊजींना नीट आठवत नाही. अधिकाऱ्याने साखळी हिसकली एवढं दिसलं. वहिनींच्या डोक्यावर ती येताना बघून ते मध्ये गेले आणि खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. दुसरा फटका कानाला लागला. तोंडात रक्त आलं. इन्स्पेक्टर धावला तो तिकाटणीच्या वायरींत अडकून पडला. प्रवक्ता, त्याची माणसं, सगळी खुर्च्यांवर बसून बघत होती.

“अहो, खरं आहे!” भाऊजी ओरडले.

कंडक्टर बाई त्या शब्दांसरशी उठली. तिने तिकिटांचं यंत्र पट्ट्याला धरून गरकन फिरवलं आणि अधिकाऱ्याच्या तोंडावर हाणलं. दात पडले. तो वाकला तसं तिने आणखी एकदा हाणलं, आणि तिसऱ्यांदा हाणणार तोच वहिनींनी तिचा हात धरला.

“बास. तीन नको,” वहिनी म्हणाल्या.

चार दिवसांनी नट सुटला. खांदा प्लास्टरमध्ये घालून भाऊजी मुद्दाम त्याला आणायला पोलीस ठाण्यावर गेले. पोरगा वाळून गेला होता आणि त्याचा आवाज अजून बसलेलाच होता. बहिणीने त्याच्या अंगावरून हात फिरवला, मग सगळ्यांदेखत रडली. तो मात्र भाऊजींकडेच बघत होता.

“तुम्ही असता तर आला असता का, काका?” त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. “नुसतं ओरडणं ऐकून?”

भाऊजींना हो म्हणायचं होतं. ते किती सोपं होतं.

“नाही रे,” ते म्हणाले. “मीसुद्धा टाळ्याच वाजवल्या असत्या.”

पोराने मान हलवली. मग त्याने भाऊजींच्या धड असलेल्या हाताला धरलं आणि त्यांना सांभाळून पायऱ्या उतरवल्या.