बारवेवरचा दिवा

"तिन्हीसांजेला पडक्या बारवेपाशी एकट्याच बसता... भ्या न्हाई वाटत?"

मंजुषा दचकली. खांद्यावर वायरचं वेटोळं घेतलेला एक तरुण वरच्या पायरीवर उभा होता.

"शू! चुकलं ना माझं मोजायचं," ती कुजबुजली. "दोनशे बारा झाली, की तेरा?"

"चौदा," तो हसला. "दोन तुमच्या डोक्यावरून गेली."

अंबाजोगाईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी मंजुषा दिवस मावळला, की बारवेतून बाहेर पडणारी वटवाघळं मोजत बसायची. हा रामप्रसाद, शिरूर कासारचा. रस्त्यावरचे दिवे बसवणाऱ्या ठेकेदाराकडं वायरमन. त्या दिवसापासून तोही रोज मोजायला येऊ लागला. खरं तर त्याचं निम्मं लक्ष तिच्याकडंच असे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुद्दाम ओढणी सावरत ती विचारी, "किती झाली?" — की याची बोबडी वळलीच!

दसऱ्याला ती आठ दिवस पाटोद्याला घरी गेली. परतली, तेव्हा बारव लख्ख उजळली होती. नव्या खांबाखाली रामप्रसाद लाजत उभा होता.

"ठेकेदाराच्या लई हातापाया पडलो. तुमाला अंधारात बसाया लागतंय, म्हणून..."

तिची नजर पायऱ्यांवर गेली. वटवाघळांना उजेड सोसत नाही. ती कपारीतच अडकून पडली होती, उपाशी. पायऱ्यांवर मेलेली पिल्लं विखुरली होती. इतक्या संध्याकाळी सोबत बसूनही तिनं त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. भलत्याच गप्पांत गुंग होते दोघं.

तिच्या नजरेपाठोपाठ त्यानं पायऱ्यांकडं पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. शिडीही न लावता खांबावर चढून त्यानं दिवा उतरवला. त्या दिवशी नऊ वटवाघळं बाहेर आली, बस्स.

न विचारता दिवा काढला म्हणून ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं. आई-बाप ऊसतोडीला निघालेच होते. त्यांच्याबरोबर जायचं ठरलं. निघण्याआधी तो बारवेवर आला.

"कावून सांगितलं न्हाई मला?"

"तुम्ही शेजारी असलात, की मला काही सुचायचंच नाही," ती रडत म्हणाली. "लई आवडता तुम्ही मला... पण आता तुमच्याकडं बघितलं, की ती पिल्लंच दिसतात हो."

"मला बी," तो म्हणाला. "तुमच्याकडं बघितलं, की..."

रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. तिनं त्याला थांबवलं नाही.